टायबरचे दोन काठ: रोम इट्रुस्कनांनी घडवलं का?

प्रश्न असा आला आहे: "इट्रुस्कन राजांनी रोमवर शंभर वर्षं राज्य केलं आणि रोमनांना संस्कृती शिकवली, असं वाचलं. मग जिला आपण रोमन संस्कृती म्हणतो ती खरं तर इट्रुस्कनच का? हे लोक मुळात आले कुठून? आणि त्यांची लिपी अजून कुणाला वाचता येत नाही, हे खरं का?"

इट्रुस्कन म्हणजे प्राचीन इटलीत रोमच्या उत्तरेला, टायबर नदीपलीकडं राहणारे लोक. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर सरळ "नाही" असं आहे, आणि ते नीट कळलं की बाकीच्या दोन प्रश्नांची निम्मी वाट सरते. माझं बहुतेक काम जुन्या लॅटिन कोरीव लेखांवर झालं. त्यांच्या शेजारी, कधी कधी मातीच्या त्याच थरात, इट्रुस्कन लेख सापडतात, म्हणून ती भाषाही कामापुरती शिकावी लागली. त्यामुळे माझा कल राजांच्या गोष्टींपेक्षा दगडा-भांड्यांवरच्या अक्षरांकडे जास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो.

इट्रुस्कन लिपी वाचता येते. ती ग्रीक लिपीवरून घेतलेली, बहुतेक वेळा उजवीकडून डावीकडे लिहिलेली. थोड्या सरावानं कुठलाही विद्यार्थी ती मोठ्यानं वाचू लागतो. अडचण अर्थाची आहे. देवनागरीत छापलेला तमिळ मजकूर तुमच्यापुढं ठेवला तर तुम्ही तो खडाखडा वाचाल, पण काय वाचलं ते तमिळ येणाऱ्यालाच विचारावं लागेल. इट्रुस्कनच्या बाबतीत विचारायला कुणी उरलेलं नाही. सिंधू लिपीचं कोडं निराळं. तिथं चिन्हांचा उच्चारच ठाऊक नाही. इट्रुस्कनचे सुमारे १३,००० लेख आपल्या हाती आहेत, पण त्यातले बहुतेक थडग्यांवरचे: मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, पुष्कळदा आईचंही, वय आणि हुद्दा. "क्लान" म्हणजे मुलगा, "सेख" म्हणजे मुलगी, "पुइआ" बायको, "आविल" वर्षं, "लुपु" म्हणजे वारला. स्मशानातल्या पाट्या वाचून मराठी शिकायची म्हटलं तर जेवढी येईल, साधारण तेवढी इट्रुस्कन आपल्याला येते.

सर्वात लांब लेखाची कथा तर विलक्षण आहे. १८४८ साली मिहाइलो बारिच नावाच्या क्रोएशियन गृहस्थानं इजिप्तमध्ये हौसेखातर एक ममी विकत घेतली. ती पुढं झाग्रेबच्या संग्रहालयात गेली. तिला गुंडाळलेल्या कापडी पट्ट्यांवर काहीतरी लिहिलेलं होतं. ते इट्रुस्कन आहे हे याकोब क्रालनं १८९१ मध्ये ओळखलं. म्हणजे इटलीतल्या कुठल्याशा देवळाचं कापडावर लिहिलेलं पंचांग, कोणत्या तिथीला कोणत्या देवाला काय वाहायचं ते सांगणारं, फाडून इजिप्तमधल्या एका बाईच्या प्रेताला गुंडाळलं गेलं आणि म्हणूनच वाचलं. त्यातले सुमारे १,२०० शब्द वाचता येतात. इट्रुस्कनांनी कापडावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले असणार; इटलीच्या दमट हवेत त्यातला एकही टिकला नाही.

आता अंक बघा. लॅटिनमध्ये दोनला "दुओ", तीनला "त्रेस", सातला "सेप्तेम". द्वि, त्रि, सप्त किंवा दोन, तीन, सात म्हणणाऱ्या माणसाला नातं सांगावं लागत नाही. इट्रुस्कनमध्ये एक, दोन, तीन म्हणजे "थु, झाल, कि". टायबर नदीच्या एका काठावरची भाषा अशी आपल्या दूरच्या भाऊबंदकीतली, आणि समोरच्या काठावरची त्या कुळाबाहेरची. तिचे नातेवाईक शोधले तर दोनच सापडतात: आल्प्समधली रेटिक आणि एजियन समुद्रातल्या लेम्नोस बेटावरची एक भाषा, जिचा मुख्य पुरावा म्हणजे तिथं १८८५ मध्ये सापडलेली एक शिळा.

या शिळेमुळं दुसरा प्रश्न, म्हणजे "आले कुठून", पुन्हा पेटला. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की आशिया मायनरमधल्या लिडियात १८ वर्षं दुष्काळ पडला. लोकांनी भूक विसरण्यासाठी फाशांचे खेळ शोधून काढले. एक दिवस खेळायचं आणि उपाशी राहायचं, दुसऱ्या दिवशी खेळ बंद आणि जेवण. शेवटी राजानं चिठ्ठ्या टाकून निम्मी प्रजा आपल्या टिरेनस नावाच्या मुलाबरोबर जहाजांतून पाठवली आणि ती इटलीत उतरली. ग्रीक लोक इट्रुस्कनांना "टिरेनोई" म्हणत. इटलीच्या पश्चिमेच्या समुद्राला टिरेनियन समुद्र हे नाव त्यावरूनच. रोमन त्यांना "तुस्की" म्हणत, त्याची आठवण टस्कनी या नावात आहे. ते स्वतःला मात्र "रास्ना" म्हणवत. रोममध्ये राहून लिहिणाऱ्या हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसनं हिरोडोटसला तेव्हाच खोडून काढलं होतं: यांची भाषा लिडियनांसारखी नाही, देव नाहीत, रीतिरिवाज नाहीत, हे इथलेच.

जमिनीतला पुरावा डायोनिसियसच्या बाजूचा आहे. १८५३ मध्ये जोव्हान्नी गोझ्झादिनी यांनी बोलोन्याजवळच्या व्हिलानोव्हा इथं एक दफनभूमी खणली आणि तिच्यावरून एका लोहयुगीन संस्कृतीला नाव पडलं. हे लोक मृतांचं दहन करत, अस्थी दुहेरी शंकूच्या आकाराच्या घटात ठेवत आणि वर कधी वाडगं, कधी शिरस्त्राण पालथं घालत. इ.स.पू. नवव्या शतकातल्या या वस्त्या नेमक्या त्याच पठारांवर आहेत जिथं पुढं टार्क्विनिया, वेयी, वुल्ची, काएरे ही इट्रुस्कन नगरं उभी राहिली. मध्ये जळालेल्या वस्तीचा थर नाही, खंड नाही. तेच लोक श्रीमंत होत गेलेले दिसतात. २०२१ मध्ये मध्य आणि दक्षिण इटलीतल्या ८२ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही इट्रुस्कन आणि त्यांचे लॅटिन शेजारी आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखेच निघाले. आशिया मायनरहून नुकत्याच आलेल्या लोंढ्याची खूण मिळाली नाही. उलट ज्या गवताळ प्रदेशातल्या लोकांनी युरोपात लॅटिनच्या कुळातल्या भाषा नेल्या, त्यांचा अंश इट्रुस्कनांतही आहे आणि भाषा मात्र जुनीच टिकली. भाषा आणि रक्त एकाच बैलगाडीतून प्रवास करतात असं गृहीत धरणाऱ्यांना याचा त्रास होतो. मासिमो पालोत्तिनो हे इट्रुस्कन अभ्यासातलं मोठं नाव. "आले कुठून" हा प्रश्नच चुकीचा, "घडले कसे" ते विचारा, असं ते १९४० च्या दशकातच सांगत होते. फ्रेंच कुठून आले असं कुणी विचारत नाही.

घडले ते धातूवर. टस्कनीच्या डोंगरांत तांबं होतं, समोरच्या एल्बा बेटावर लोखंड. पोपुलोनियाच्या किनाऱ्यावर ही खनिजं वितळवून उरलेल्या मळीचे इतके डोंगर साचले होते की त्यात शिल्लक राहिलेल्या लोखंडासाठी विसाव्या शतकात ते पुन्हा उपसले गेले. हे लोखंड हवं म्हणून ग्रीक आले, फिनिशियन आले. इ.स.पू. ७७० च्या सुमारास ग्रीकांनी आजच्या इस्किया बेटावर ठाणं घातलं आणि धातूच्या बदल्यात द्राक्षारस, तेल, रंगवलेली भांडी आणि अक्षरं दिली.

रोम या चित्रात कुठं बसतं? नकाशा काढून बघितल्याशिवाय हे उमगत नाही. टायबर ही इट्रुस्कनांची दक्षिण सीमा. उत्तर काठ इट्रुस्कन, दक्षिण काठ लॅटिन. समुद्राकडून वर येताना नदीत एक बेट लागतं, तिथं पात्र ओलांडता येतं, आणि त्याच्या लगत टेकड्या आहेत. उत्तरेतून दक्षिणेतल्या कांपानियाकडं जाणाऱ्याला इथं नदी ओलांडणं सोयीचं, आणि नदीच्या मुखावरच्या मिठागरांतलं मीठ डोंगराकडं नेणारी वाटही इथूनच जाते; त्या वाटेला पुढं "व्हिया सालारिया", म्हणजे मिठाचा रस्ता, असंच नाव पडलं. वेयी हे इट्रुस्कनांचं बलाढ्य नगर इथून जेमतेम १६ किलोमीटरवर. सकाळी न्याहारी करून निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचाल. अशा नाक्यावरच्या गावाला शेजाऱ्यांनी "संस्कृती शिकवली" म्हणजे काय? ते गाव पहिल्यापासून त्याच व्यवहारात होतं. रोमजवळ गाबी इथं, लॅटिन लोकांच्या दफनभूमीत, इ.स.पू. ७७० च्या आसपासचं एक भांडं सापडलं आहे. त्यावर चार-पाच ग्रीक अक्षरं ओरखडलेली आहेत. इटलीतल्या सर्वात जुन्या अक्षरांपैकी ती आहेत आणि ती इट्रुस्कन भूमीत सापडलेली नाहीत.

शहर म्हणून रोम उभं राहिलं त्याचा क्षण मात्र जमिनीत दिसतो, आणि तो परंपरेनं सांगितलेल्या इ.स.पू. ७५३ चा नाही. आठव्या शतकात पॅलाटाइन टेकडीवर कुडाच्या झोपड्या होत्या. त्यांच्या खांबांची भोकं खडकात आजही दिसतात. खालची फोरमची, म्हणजे रोमच्या मुख्य चौकाची, जागा म्हणजे पुराचं पाणी भरणारा खोलगट भाग, तिच्या कडेला स्मशान. जाकोमो बोनी यांनी ते १९०२ मध्ये शोधलं. अल्बर्ट अमरमन यांनी पुढं तिथं खोल छिद्रं घेऊन मातीचे नमुने तपासले तेव्हा कळलं की इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात या खोलगटात हजारो घनमीटर भर घालून जमीन मुद्दाम उंच केली गेली आणि वर खडीचा चौक केला गेला. हे काम एका कुटुंबाचं नाही, एका टेकडीचंही नाही. इतकी माणसं कामाला लावणारं कुणीतरी होतं. परंपरा पहिल्या टार्क्विनियसचा, म्हणजे रोमच्या पहिल्या इट्रुस्कन राजाचा, राज्यारंभ इ.स.पू. ६१६ ला धरते, फोरमचा निचरा आणि मोठं गटार याच घराण्याच्या नावावर टाकते. इथं कथा आणि माती एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात.

त्यानंतरच्या शतकात कॅपिटोलाइन टेकडीवर ज्युपिटरचं देऊळ उभं राहिलं. त्याचा पाया सुमारे ६२ बाय ५४ मीटरचा. कॅपिटोलाइन संग्रहालयात त्या पायाची भिंत छताखाली जशीच्या तशी उभी आहे. तिच्यासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा "मागासलेले रोमन" हा शब्दप्रयोग माझ्या डोक्यातून कायमचा गेला. त्या काळी सगळ्या मध्य इटलीत एवढं मोठं देऊळ नव्हतं. बांधणीची पद्धत इट्रुस्कन. ज्युपिटरची भाजक्या मातीची मूर्ती वेयीच्या वुल्का नावाच्या कारागिरानं घडवली, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. वेयीच्या देवळाच्या छपरावर उभा असलेला तसाच एक भाजक्या मातीचा अपोलो १९१६ मध्ये सापडला. तो रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात आहे. ओठांवर गूढ हसू आणि पाऊल पुढं टाकलेलं. वुल्काच्या मूर्तीची कल्पना करायची तर त्याच्याकडं बघावं.

आता मूळ प्रश्न: हे इट्रुस्कन राजे म्हणजे परकी सत्ता का? एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या पुष्कळ इतिहासकारांनी तसं मांडलं. त्यांच्या डोळ्यांपुढं स्वतःच्या देशांची साम्राज्यं होती: प्रगत लोक येतात, जिंकतात, शिकवतात, मग स्थानिक उठाव करून त्यांना घालवतात. हिंदुस्थानातल्या माणसाला ही मांडणी फार ओळखीची वाटते, आणि म्हणूनच ती जरा संशयानं तपासावी.

रोमनांची स्वतःची कथा काय सांगते ते बघा. कोरिंथचा डेमारेटस नावाचा ग्रीक व्यापारी टार्क्विनियात येऊन राहिला. त्याच्या मुलाला, लुकुमोला, पैसा असूनही परक्याचा मुलगा म्हणून तिथं मान मिळेना. त्याची बायको तनाक्विल महत्त्वाकांक्षी होती. नवरा-बायको गाडीत बसून नशीब काढायला रोमला आले. वाटेत गरुडानं त्याची टोपी उचलून पुन्हा डोक्यावर ठेवली आणि तनाक्विलनं तो शकुन ओळखला. पुढं तो राजाच्या मर्जीत आला आणि राजा झाला. हा झाला पहिला टार्क्विनियस. यात सैन्य नाही, वेढा नाही. "इट्रुस्कन" राजा निम्मा ग्रीक, आणि तो रोमला आला कारण रोममध्ये परक्याला वाव होता. कथा बनावट असेल. गरुड तर नक्कीच. पण ज्या जगात अशी कथा सुचते ते जग खोटं नाही. टार्क्विनियात सातव्या शतकातला एक लेख आहे, त्यावर नाव आहे "रुतिले हिपुक्रातेस": पहिलं नाव लॅटिन, आडनाव ग्रीक हिप्पोक्रेटिस, आणि राहतो इट्रुस्कन गावात. वेयीत "तिते लातिने" सापडतो, म्हणजे तितुस लॅटिनकर म्हणा ना. माणसं नदीच्या दोन्ही बाजूंना जात होती.

रोमच्या बाजूनंही असाच पुरावा आहे. संत ओमोबोनोच्या चर्चजवळ, जुन्या गुरांच्या बाजाराच्या आणि धक्क्याच्या भागात, हस्तिदंती सिंहाचा एक तुकडा सापडला. त्यावर इट्रुस्कन नाव कोरलेलं आहे. अशी वस्तू उभी चिरून एक भाग यजमानाकडं, एक पाहुण्याकडं ठेवत. वर्षांनी मुलगा किंवा नातू आपला अर्धा भाग घेऊन आला की दोन्ही जुळवून बघायचे आणि घरात घ्यायचं. तसाच इट्रुस्कन लेख असलेला हस्तिदंती तुकडा कार्थेजमध्येही मिळाला आहे. जेत्यांना असल्या वस्तूंची गरज पडत नाही.

त्याच्यानंतरचा राजा, सर्व्हियस टुलियस, याच्याबद्दल तर रोमन आणि इट्रुस्कन यांच्या दोन वेगळ्या कथा होत्या. रोमन म्हणत तो दासीचा मुलगा. सम्राट क्लॉडियसला इट्रुस्कनांचा नाद होता. त्यानं त्यांचा इतिहास ग्रीकमध्ये २० भागांत लिहिला आणि तो सगळाच्या सगळा हरवला (त्यासाठी मी रोमन इतिहासकार लिव्हीचे काही भाग खुशाल देऊन टाकले असते). पण इ.स. ४८ मध्ये त्यानं सेनेटमध्ये केलेलं एक भाषण ब्राँझच्या पत्र्यावर कोरलेलं ल्यों इथं १५२८ मध्ये सापडलं. त्यात तो सांगतो की इट्रुस्कन लेखकांच्या मते सर्व्हियसचं खरं नाव मास्तार्ना. तो काएलियस व्हिबेना या लढवय्या सरदाराचा साथीदार, सैन्याचा उरलेला भाग घेऊन रोमला आला. भाषण कशासाठी होतं? गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, लोकांना सेनेटमध्ये घ्यावं म्हणून. परके राजे चालले, मग परके सभासद का नकोत, हा त्याचा मुद्दा.

१८५७ मध्ये आलेसांद्रो फ्रान्स्वा यांना वुल्चीत एक रंगवलेलं थडगं सापडलं आणि त्या भिंतीवर हीच माणसं निघाली, डोक्यावर नावं लिहिलेली. "मक्स्त्रना" तलवारीनं "काइले विपिनास"च्या हातांची दोरी कापतो आहे. पलीकडं एक जण "क्नेवे तार्खुनिएस रुमाख" याला मारतो आहे, म्हणजे रोमच्या ग्नेयस टार्क्विनियसला. चित्र इ.स.पू. चौथ्या शतकातलं, घटनेनंतर दोनशे वर्षांचं, पण वेयीच्या देवळात सहाव्या शतकाच्या मध्याचं एक भांडं मिळालं आहे आणि ते वाहणाऱ्याचं नाव त्यावर आहे: आविले विपिएन्नास. काइलेचा भाऊ याच नावाचा होता. हा तोच माणूस का, हे शपथेवर कुणी सांगणार नाही. नाव मात्र त्या काळात खरोखर चालत होतं. आणि "मक्स्त्रना" हे नाव लॅटिन "मॅजिस्टर"वर इट्रुस्कन प्रत्यय लावून बनलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. इट्रुस्कन वीराच्या नावातच लॅटिन शब्द! या चित्रात एका वंशानं दुसऱ्याला जिंकलेलं नाही. स्वतःची फौज बाळगणारे सरदार आहेत, मिळेल त्या नगरात बस्तान बसवणारे, आणि त्यात इट्रुस्कन इट्रुस्कनाला मारतो आहे.

राजांची लिव्हीतली कालगणना मात्र मनावर घेऊ नका. इ.स.पू. ७५३ ते ५०९ ही २४४ वर्षं सात राजांत वाटली तर प्रत्येकी सरासरी ३५ वर्षं येतात, आणि त्यातल्या शेवटच्या तिघांपैकी दोघांचा खून, एकाची हकालपट्टी. प्राचीन काळीच डायोनिसियसनं हिशेब मांडून दाखवलं होतं की शेवटचा टार्क्विनियस पहिल्याचा मुलगा असूच शकत नाही.

सत्ता परकी होती का, याची माझ्या लेखी खरी कसोटी भाषेची. बोनी यांनी १८९९ मध्ये फोरममधल्या काळ्या दगडाच्या फरसबंदीखाली एक चौकोनी स्तंभाचा बुंधा शोधला. इ.स.पू. सहाव्या शतकातला, म्हणजे ऐन "इट्रुस्कन राजवटी"तला, भर चौकातला सार्वजनिक लेख. वाचणाऱ्यानं वर-खाली मान फिरवत वाचावा असा. अर्धाअधिक तुटलेला आहे, पण "रेकेई" हा शब्द स्पष्ट आहे: "राजाला". हा शब्द लॅटिन आहे, आपल्या "राजन्"चा चुलतभाऊ. सेनेट हा शब्द "सेनेक्स", म्हणजे म्हातारा, यावरून; संस्कृतातला "सन" त्याच मुळाचा. रोममध्ये राजेशाहीच्या काळातले इट्रुस्कन लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही भांड्यांवर आणि खासगी वस्तूंवर. राजा कुठूनही येवो, हुकूम लॅटिनमध्येच निघत होता.

आणि याच "रेकेई"मध्ये इट्रुस्कनांचा खरा ठसा लपलेला आहे. लॅटिनमध्ये राजाला "रेगी" म्हणायचं. मग दगडावर ग च्या जागी क कसा? इट्रुस्कन भाषेत ग, द, ब हे घोष वर्णच नव्हते. ग्रीक वर्णमालेतला तिसरा वर्ण "गामा", म्हणजे ग. इट्रुस्कनांनी तो घेतला आणि क म्हणून वापरला. क साठी त्यांच्याकडं आता तीन अक्षरं झाली, तर त्यांनी वाटणी केली: ए, इ च्या आधी एक, आ च्या आधी दुसरं, उ च्या आधी तिसरं. रोमनांनी ही सगळी व्यवस्था उचलली. त्यांच्या तोंडात ग होता, पण लिहायला वेगळं अक्षर नाही. म्हणून क आणि ग दोन्ही एकाच "सी"नं लिहू लागले. क्विरिनल टेकडीजवळ १८८० मध्ये सापडलेल्या तिहेरी कुपीवर "व्हिर्गो" म्हणजे कुमारी हा शब्द "व्हिर्को" असा लिहिला आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्या "सी"ला एक आडवी रेघ जोडून "जी" तयार केला गेला आणि वर्णमालेत तेव्हा बिनकामाच्या ठरलेल्या "झेड"च्या सातव्या जागेवर बसवला गेला. "झेड" नंतर ग्रीक शब्द लिहायला लागला तेव्हा त्याला शेवटी उभं केलं, आणि तो आजतागायत तिथंच आहे. जुनी सवय नावांच्या संक्षेपात राहिली: गायस हे नाव रोमन शेवटपर्यंत "सी" असंच लिहीत. इंग्रजीचं स्पेलिंग पाठ करताना कुठं सी, कुठं के, आणि क्यू आला की मागून यू हवाच, या जाचाबद्दल मुलं ज्यांना बोल लावतात त्यांत टार्क्विनियाच्या लेखनिकांचाही वाटा आहे.

एक गुंता मात्र सांगायला हवा. रोमनांना ब आणि द ची अक्षरं लागत होती आणि त्यांनी ती बरोबर उच्चारात वापरली, जी इट्रुस्कन लिहिताना वापरतच नव्हते. मार्सिलियानाला सापडलेल्या हस्तिदंती पाटीच्या कडेवर २६ अक्षरांची पूर्ण ग्रीक वर्णमाला कोरलेली आहे, इट्रुस्कनांना न लागणाऱ्या अक्षरांसकट. एकतर रोमनांनी अशी पूर्ण पाटी गिरवली आणि उच्चार ग्रीकांना विचारले, नाहीतर दोन्हीकडून घेतलं. मला दुसरं जास्त पटतं. नाक्यावरचं गाव एकाच दुकानातून माल घेत नाही.

बाकीच्या उसनवारीची यादी पुस्तकांत सापडते, ती थोडक्यात आटोपतो. अधिकाऱ्यांपुढं चालणारी काठ्यांची मोळी आणि कुऱ्हाड, हस्तिदंती खुर्ची, जांभळ्या काठाचा झगा, विजयाची मिरवणूक हे इट्रुस्कनांकडून आल्याचं रोमन स्वतःच सांगत. मोळीचा तर पुरावाही आहे: व्हेतुलोनियाच्या एका थडग्यात इसिदोरो फाल्की यांना १८९८ मध्ये लोखंडी सळ्यांची छोटी मोळी आणि दुधारी कुऱ्हाड मिळाली. फॅसिझम हा शब्द याच मोळीच्या नावावरून आला. ग्लॅडिएटरही इट्रुस्कनच, असं बेधडक लिहिलं जातं. त्याबाबत दक्षिणेकडच्या पेस्तुम भागातली चित्रं जास्त बोलकी आहेत, म्हणून मी ते सांगताना जपून असतो. टार्क्विनियाच्या एका थडग्यात मात्र मुखवटा घातलेला माणूस रंगवलेला आहे, शेजारी लिहिलं आहे "फेर्सू". रोमनांचा "पर्सोना", म्हणजे मुखवटा, बहुधा इथूनच आला.

जे रोमनांनी घेतलं नाही तेही बघण्यासारखं आहे. इट्रुस्कन बाईला स्वतःचं नाव असे: थाना, रामथा, लार्थी. मुलाच्या थडग्यावर आईचंही नाव येई. व्हिला जुलियात भाजक्या मातीची एक शवपेटी आहे, इ.स.पू. ५२० च्या सुमाराची. झाकणावर नवरा-बायको एकाच मंचकावर शेजारी शेजारी रेलून जेवायला बसले आहेत. पुरुषांच्या पंगतीत घरच्या बायका बसतात म्हणून थिओपॉम्पस हा ग्रीक लेखक इतका बिथरला की त्यानं त्यांच्याबद्दल वाटेल ते लिहून ठेवलं. रोमन मुलीला मात्र घराण्याचंच नाव स्त्रीलिंगी करून मिळे. ज्युलियस घराण्यातली प्रत्येक मुलगी ज्युलिया. रोमन कथेतली आदर्श बायको ल्युक्रेशिया रात्री दासींबरोबर सूत काढत बसते आणि टार्क्विन राजपुत्रांच्या बायका मेजवानी झोडत असतात. ही तुलना ज्यानं रचली त्यानं शेजाऱ्यांचं घर नीट पाहिलं होतं.

राजे गेल्यावर इट्रुस्कन रोममधून हाकलले गेले, हेही खरं नाही. प्रजासत्ताकाच्या पहिल्या काही दशकांतल्या कॉन्सलांच्या, म्हणजे राजाच्या जागी दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन प्रमुखांच्या, यादीत इट्रुस्कन घराण्यांची नावं आहेत आणि फोरमजवळचा एक रस्ता पुढंही "तुस्कन आळी" म्हणूनच ओळखला जाई. क्लुसियमचा राजा पोर्सेना रोमवर चालून आला तेव्हा पुलावर एकट्यानं लढणाऱ्या होरेशियसची कथा शाळेत शिकवतात. रोमन इतिहासकार टॅसिटस मात्र जाता जाता लिहून जातो की शहर पोर्सेनाच्या स्वाधीन झालं होतं, आणि प्लिनी तहाचं कलम देतो की रोमनांनी शेतीखेरीज लोखंड वापरायचं नाही. खरी इट्रुस्कन सत्ता रोमवर कधी आलीच असेल तर ती बहुधा इथं, राजे गेल्यानंतर आणि थोड्याच दिवसांपुरती.

पुढं पारडं फिरलं. इ.स.पू. ४७४ मध्ये ग्रीकांनी क्यूमीच्या समुद्रात इट्रुस्कन आरमार बुडवलं, ३९६ मध्ये रोमनं वेयी घेतलं, २६४ मध्ये वोल्सिनी. ८९ पर्यंत सगळे इट्रुस्कन रोमन नागरिक झाले होते आणि दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली.

विद्या मात्र राहिली. बळी दिलेल्या मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, वाचून देवाची मर्जी सांगणाऱ्या इट्रुस्कन पुरोहितांना रोमन "हारुस्पेक्स" म्हणत. पियाचेंझाजवळ १८७७ मध्ये एका शेतात ब्राँझचं काळीज सापडलं. त्याची कड १६ भागांत विभागलेली, प्रत्येकात देवाचं नाव, आकाशाच्या १६ दिशांप्रमाणे. दोन हारुस्पेक्स समोरासमोर आले की त्यांना हसू कसं आवरतं, असं केटो विचारायचा, हे सिसेरो सांगतो. तरी सेनेट त्यांना बोलवतच राहिलं. इ.स. ४०८ मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्यानं रोमला वेढा घातला तेव्हाही इट्रुरियातून, म्हणजे इट्रुस्कनांच्या जुन्या प्रदेशातून, आलेले पुरोहित पुढं झाले आणि म्हणाले, आम्ही वीज पाडून यांना पळवून लावतो. रोम तेव्हा ख्रिस्ती झालं होतं. ग्रीक इतिहासकार झोसिमस लिहितो की बिशपनं, गुपचूप करत असाल तर करा, म्हणून मूक संमती दिली. पुरोहित म्हणाले, विधी उघड्यावरच व्हायला हवा, कॅपिटोलाइनवर आणि चौकांत, सेनेटच्या उपस्थितीत. तेवढं धाडस कुणाला झालं नाही. त्यांना परत पाठवलं आणि अलारिकला खंडणी मोजली: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे आणि हिंदुस्थानातून गेलेली ३,००० पौंड मिरी.